तीन मिनिटं मेनासाठी

"कापड काढायचं नाही, भाऊजी," दोलोर म्हणाली. ती जिन्याखालच्या खुर्चीवर मांडीत परात घेऊन शेंगा सोलत बसली होती.

"मी कुठे काढतोय," नार्दू म्हणाला. त्याचा हात टीव्हीवर टाकलेल्या काळ्या कापडाला लागला होता हे खरं. पण तो सुरकुती सरळ करत होता.

"वर्षभर काढायचं नाही. आईच्या वेळी आम्ही दीड वर्ष ठेवलं होतं."

"तेव्हा टीव्ही होता का तुमच्याकडे?"

"नव्हता. असता तर झाकला असता."

नार्दू आरशापुढे गेला आणि काळा टाय बांधू लागला. गाठ त्याला कधीच नीट जमली नव्हती. मेना बांधायची. दोन महिन्यांत तो एक गाठ शिकला होता, ती डावीकडे झुकायची.

"कुठे निघालात?"

"क्लबात."

"आज? आज तिथे गाणी आहेत."

"माहीत आहे."

दोलोरचे हात थांबले. "माझी बहीण जाऊन नऊ आठवडे झालेत, भाऊजी. सगळं गाव तिथे बिअर पीत आरडाओरडा करणार, आणि तुम्ही काळा टाय लावून मधे बसणार? लोक काय म्हणतील?"

"मी फ्रेंकला विचारलंय. दाराआडच्या कोपऱ्यात बसणार आहे. कुणाला दिसणारही नाही."

"मग जाताच कशाला?"

उत्तर नार्दूजवळ होतं, पण ते कुणालाही न सांगण्याचा शब्द त्याने दिला होता.

"तिलाही गाणं आवडायचं," एवढंच तो म्हणाला.

"तिला पोहायलाही आवडायचं. उद्या समुद्रात उतराल," दोलोर म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलू लागली. तिचे डोळे भरले होते म्हणून ती परातीतून वर बघत नव्हती. नार्दूला ते दिसलं. तो मागच्या दाराने बाहेर पडला.

मेना एकोणीस वर्षं जीन्स शिवण्याच्या कारखान्यात होती. कारखाना बंद पडल्यावर शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. पण माल्टाभर ज्यांना गाण्यातलं काही कळायचं, त्यांना तिचा फोन नंबर पाठ होता. कुणाच्या लग्नात, कुणाच्या अंत्यविधीला, गावच्या बँडक्लबाच्या गायनवृंदात, टोमॅटोच्या डब्याच्या जाहिरातीत, जिथे मागे उभं राहून गायला कुणी हवं असेल तिथे मेना. पुढे दुसरं कुणी असायचं. वर्तमानपत्रात फोटो यायचा तेव्हा मेनाचा कोपर आलेला असायचा, नाहीतर केस. नार्दू गोदीत वेल्डर होता. तो ते फोटो कापून ठेवायचा आणि तिला म्हणायचा, "या वेळी कान आलाय तुझा. प्रगती आहे."

ती हसायची. "मागे उभं राहिलं की पाय दुखले तर बूट काढता येतात," म्हणायची.

नार्दूला मात्र ते खुपायचं. चाळीस वर्षं त्याने तिचा आवाज स्वयंपाकघरात ऐकला होता. भांडी घासताना, चादरी वाळत घालताना. त्याला तो पुरेसा मिळाला होता. पण चर्चमध्ये किंवा क्लबात ती गायची तेव्हा तो लोकांच्या तोंडाकडे बघायचा. लोक पुढच्याकडे बघत असायचे. तिचा सूर वर गेला की कुणाची तरी मान हलायची, आणि ती मान पुढच्या बाईसाठी हललेली असायची. एकदा तरी, निदान एकदा, तिच्या सुरावर गावाचं तोंड कसं होतं ते त्याला बघायचं होतं.

जानेवारीत रितियेन घरी आली होती. चोवीस वर्षांची पोरगी, शेजारच्या गावातली. माल्टाने त्या वर्षीच्या युरोव्हिजनसाठी, म्हणजे सगळा युरोप टीव्हीवर बघतो त्या गाण्यांच्या स्पर्धेसाठी, तिचं गाणं निवडलं होतं. घराघरांत, दुकानांत, बसमध्ये ते गाणं वाजत होतं. रितियेनबरोबर रेकॉर्डिंगची मशीनवाली दोन माणसं होती. त्यांनी चहा घेतला आणि अडचण सांगितली. स्टेजसाठी गाणं नव्याने बांधलं होतं. दुसऱ्या कडव्यानंतर एक सूर होता, शब्द नसलेला, नुसता "आ", खालून उचलून वर न्यायचा आणि तिथे धरून ठेवायचा. नाचता नाचता रितियेनला तो झेपत नव्हता. नियमाप्रमाणे पुढचा आवाज स्टेजवरच गावा लागतो, मागचे आवाज आधी भरून ठेवले तरी चालतात. तो सूर मागचा म्हणून भरायचा होता.

"पण लोकांना वाटेल मीच गातेय, मावशी," रितियेन खाली बघत म्हणाली. "त्या वेळी मी पाठ फिरवणार आहे. नियमात बसतं सगळं. तरी कुणाला कळलं तर मला जगू देणार नाहीत. तुम्हाला माहीत आहेत आपले लोक."

"मी कुणाला सांगायला जातेय," मेना म्हणाली. "माझा कोपर तर दिसणार नाही ना?"

आजार तेव्हाच तिला कळला होता. डॉक्टरने वसंतापलीकडचं काही बोलायचं टाळलं होतं. नार्दूने तिला व्हॅनमधून स्टुडिओत नेलं आणि बाहेरच्या पायरीवर दोन तास बसून राहिला. भिंती जाड होत्या. आतून काही ऐकू आलं नाही. ती बाहेर आली तेव्हा भिंतीला धरून चालत होती.

"झालं?"

"झालं. एकदाच लागला. पण लागला."

"घरी म्हणून दाखव."

"आता नाही निघायचा तो, नार्दू. होता तेवढा तिथे ठेवून आले." व्हॅनमध्ये बसल्यावर तिने डोळे मिटले. "मे महिन्यात स्पर्धा आहे, तेव्हा ऐक. सगळ्यांबरोबर ऐक."

ती मार्चमध्ये गेली. घरी माणसं जमली होती तेव्हा रितियेन आली आणि नार्दूला स्वयंपाकघरात घेऊन गेली. तिचा चेहरा रडून सुजला होता.

"काका, आमची माणसं म्हणतायत दुसऱ्या कुणाकडून भरून घेऊ. गेलेल्या माणसाचा आवाज नको, अपशकुन होतो. मी नाही म्हटलंय."

"तोच ठेव."

"ठेवते. पण तुम्ही..."

"मी कुणाला सांगणार नाही," नार्दू म्हणाला. "दोलोरलासुद्धा नाही."

रितियेनने त्याचा हात धरला. तो हात खूप वेळ सुटला नाही, कारण सोडायचा कुणी हे दोघांनाही कळत नव्हतं.

नंतर मशीनवाल्यांतल्या एकाने फोनवर तो सूर पाठवायची तयारी दाखवली. नार्दूने नको म्हणून सांगितलं. मेनाने सगळ्यांबरोबर ऐकायला सांगितलं होतं.

क्लबात पाय ठेवायला जागा नव्हती. बँडची वाद्यं भिंतीवरच्या काचेच्या कपाटांत होती आणि त्यांच्यापुढे मोठा पडदा लावला होता. बारमागे फ्रेंक घामाघूम झाला होता. त्याची बायको कातरिन चीज भरलेल्या पेस्ट्रीचं तबक घेऊन माणसांतून वाट काढत होती. नार्दूला बघून ती थांबली.

"आलात नार्दूभाऊ? घ्या एक, गरम आहे. मी चालले घरी, सासूबाई एकटीने टीव्ही बघायचा नाही म्हणतायत. ब्याण्णव वर्षांची बाई, उठून बसता येत नाही, पण मतं कुणाला मिळणार ते तिला आधी माहीत असतं."

"कुणाला मिळणार म्हणतायत?"

"कुणालाही मिळू देत, आपल्याला नाही." कातरिन हसली, मग त्याचा टाय बघून तिचं हसू आवरलं. तिने पेस्ट्री कागदात गुंडाळून त्याच्या हातात ठेवली आणि निघाली. तिचं घर क्लबासमोरच, गल्लीच्या पलीकडे होतं.

फ्रेंकने दाराआडच्या कोपऱ्यात स्टूल ठेवलं होतं. तिथून पडदा अर्धाच दिसायचा, पण माणसांची तोंडं सगळी दिसायची. नार्दूला हवं होतं ते हेच. तो बसला. पुढच्या रांगेतल्या पोरी, मधले बाप्ये, खिडकीजवळच्या बायका. बँडमधला चष्मेवाला ट्रॉम्बोनवाला. मेनाबरोबर गायनवृंदात उभ्या राहणाऱ्या तिघी. सूर वर गेला की यातलं कोण आधी हलतं, हे बघायचं त्याने ठरवलं.

"दरवर्षी तेच," बारजवळ एकजण म्हणत होता. "शेजारी शेजाऱ्याला मतं देतो. आपल्याला शेजारी कोण? मासे."

"माशांना मताचा अधिकार दे म्हणावं."

"दिला तरी मेले इटलीला देतील."

सगळे हसले. पडद्यावर पहिला देश गाऊन गेला. दुसऱ्याच्या गायकाने छताला टांगून घेतलं होतं. "उतरवा रे त्याला, कपडे वाळले," असं कुणीतरी म्हणालं. नार्दूसुद्धा हसला. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे गालाला ते जाणवलं. तिसरं गाणं चालू असताना त्याने पेस्ट्रीचा एक घास घेतला. पुढचं गाणं आपलं होतं. त्याने उरलेली पेस्ट्री पुन्हा कागदात गुंडाळून ठेवली.

तेवढ्यात क्लबचे अध्यक्ष वेन्झू यांनी मागे वळून पाहिलं. वेन्झू म्हणजे सत्तरीतले, ताठ, अठ्ठावीस वर्षं क्लब सांभाळणारे गृहस्थ. नार्दू त्यांना दिसला. ते उठले. माणसं बाजूला होत गेली आणि वेन्झू त्याच्यापुढे येऊन उभे राहिले.

"नार्दू, कोपऱ्यात?"

"बरा आहे इथे, अध्यक्ष."

"मेनाचा नवरा आमच्या क्लबात दाराआड बसणार नाही." वेन्झूंनी त्याच्या दंडाला धरलं. नार्दूला उठावंच लागलं. त्याला पहिल्या रांगेत नेलं, स्वतःची खुर्ची दिली, आणि खुर्ची थोडी वळवून ठेवली, म्हणजे तो सगळ्यांसमोर येईल. तिसरं गाणं संपलं होतं. पडद्यावर समुद्र, दीपगृह, माल्टाचं नाव आलं. क्लबात एकच ओरडा झाला.

वेन्झूंनी हात वर केला.

त्या गावात रिवाज होता. सणाच्या मिरवणुकीत ज्या घरात वर्षाच्या आत मरण झालेलं असेल त्या घरासमोर बँड वाजत नसे. भिंत सुरू झाली की वाद्यं खाली यायची, भिंत संपली की पुन्हा वर जायची. मधे फक्त पावलं ऐकू यायची. आणि चांगल्या बँडची खूण अशी मानत, की रडकं गाणं तिथे थांबवण्यात काही मान नाही. सगळ्यांत चांगली धून ऐन रंगात यावी आणि नेमकी तिथे सोडून द्यावी.

"मेना तीस वर्षं या क्लबात गायली," वेन्झू म्हणाले. त्यांचा आवाज बारपर्यंत गेला. "तिचा माणूस आज आपल्यात आलाय. हे आपलं गाणं आहे. वर्षभर आपण याची वाट बघितली. हे तिला देऊ. तीन मिनिटं. फ्रेंक, आवाज बंद कर."

"अहो नाना, आपलंच गाणं..." पुढच्या रांगेतली एक पोरगी म्हणाली. तिच्या आईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

आवाज बंद झाला. माणसं उभी राहिली. खुर्च्या सरकल्या आणि मग तेही थांबलं. पुरुषांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. ज्याने माशांचा विनोद केला होता त्याने बिअरचा ग्लास हळूच बारवर ठेवला. बर्फाचं यंत्र घरघरत होतं. फ्रेंकने वाकून त्याची वायर काढली.

नार्दूने तोंड उघडलं. "अध्यक्ष," तो म्हणाला आणि उठून उभा राहिला. वेन्झूंना वाटलं तो आभार मानतोय. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले.

पडद्यावर रितियेन गात होती. निळा झगा, अनवाणी पाय. तिचे ओठ हलत होते. उघड्या खिडकीतून समोरच्या घरातल्या टीव्हीचा आवाज आत येऊ लागला. रितियेनचा बारीक, सांभाळून टाकलेला आवाज, चित्राच्या थोडा मागे. नार्दूची मान तिकडे वळली. पहिलं कडवं. ठीक आहे, त्याला वाटलं, असंही चालेल, खिडकीतून येईल. सगळे गप्प आहेत ते बरंच झालं. अशा शांततेत तर अजून ऐकू येईल.

वेन्झूंनी डोळे उघडले आणि खिडकीकडे बघून कपाळाला आठी घातली. दोघेजण चवड्यांवर चालत गेले. एकाने एक झडप ओढली, दुसऱ्याने दुसरी. मग त्याच्या शेजारची खिडकी. जुन्या, जाड लाकडाच्या झडपा होत्या. त्यांनी आवाज न होऊ देता कड्या लावल्या. शेवटी दारही लावलं.

सांगायला पाच शब्द पुरे होते. आवाज लावा, ती मेना आहे. नार्दूने ते पाच शब्द मनात जुळवून ठेवले. तो ते बोलला असता तर फ्रेंकने क्षणात बटण दाबलं असतं, माणसांनी ऐकलं असतं, रडली असती. आणि उद्या सकाळी ब्रेडच्या गाडीबरोबर ती गोष्ट साऱ्या बेटावर फिरली असती. पडद्यावर रितियेन हसत होती. कपाळावर घाम होता. ती पोर तिथे, परक्या देशात, एवढ्या उजेडात एकटी उभी होती आणि तिने मेनाचा आवाज बदलू दिला नव्हता.

दुसरं कडवं संपलं.

दिवे निळे झाले. रितियेनने पाठ फिरवली. तिचे हात बाजूला हळूहळू वर जाऊ लागले आणि नार्दूला कळलं, की आता. त्याने लोकांकडे पाहिलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या. ट्रॉम्बोनवाला जमिनीकडे बघत होता. गायनवृंदातल्या तिघी ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हणत होत्या. एकाचंही तोंड दिसत नव्हतं, नुसते डोक्यांचे माथे, टकलं, पांढरे भांग. पडद्यावर रितियेनची पाठ होती, आणि तिच्यापलीकडे हजारो माणसं एकदम उठून उभी राहत होती. त्यांची तोंडं उघडी होती. काहीजण हाताने तोंड झाकत होते. ती कुठली माणसं, कुठल्या भाषांची, नार्दूला ठाऊक नव्हतं.

मग रितियेन वळली, दिवे पांढरे झाले, आणि तो सूर होऊन गेला.

गाणं संपल्यावर वेन्झूंनी क्रूसाची खूण केली. सगळ्यांनी केली. फ्रेंकने आवाज लावला, टाळ्यांचा शेवट ऐकू आला, निवेदक पुढच्या देशाचं नाव घेऊ लागला. झडपा उघडल्या गेल्या. बर्फाचं यंत्र पुन्हा घरघरू लागलं.

"मेनाला आवडलं असतं," वेन्झू म्हणाले.

"हो," नार्दू म्हणाला. "तुमचे उपकार, अध्यक्ष. तुम्ही सगळ्यांनी एवढं केलंत."

"त्यात काय उपकार. आपलं माणूस होतं ते."

लोक येऊन त्याचा हात दाबून जात होते. एकाने फोन दाखवून सांगितलं, की गाणं नंतर यातही बघता येतं, हवं तेव्हा. नार्दू म्हणाला, बघेन. बघणारही होता कधीतरी. एकट्याने, दार लावून. दोलोर घरी नसेल तेव्हा. तो दाराकडे निघाला.

दार बाहेरून ढकललं गेलं आणि कातरिन आत आली. पायात घरातल्या चपला, हातात भांडी पुसायचं फडकं. गल्ली ओलांडून धावत आल्यामुळे तिला धाप लागली होती.

"ऐकलंत का रे? ऐकलंत?" ती म्हणाली. "काय गायली ती पोरगी. ती मधली जागा. मी ताट पुसत होते, तशीच राहिले. सासूबाई रडतायत तिकडे. अहो, ती बाई आपल्या नवऱ्याच्या मयताला रडली नाही."

फ्रेंकने बारमागून तिला डोळ्याने खुणावलं. कातरिनने नार्दूला पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं.

"आई गं. नार्दूभाऊ. मी आपली वेड्यासारखी... तुमच्यासमोर गाण्याचं काय बोलत बसले."

"कुठली जागा?" नार्दूने विचारलं.

"जाऊ द्या ना."

"सांग की. कुठली?"

"ती हो, पाठ फिरवते तिथली. शब्द नाहीत त्याला." कातरिनने तोंड उघडलं, सूर लावून बघितला. अर्ध्यावर फाटला. ती ओशाळली. "मला नाही यायचं ते. असं खालून येतं, आणि वाटतं आता थांबेल, तर थांबतच नाही. रितियेनमध्ये एवढं असेल असं वाटलं नव्हतं हो. लहान पोर. पण आवाज असा, जसं काही..." तिला शब्द सापडेना. तिने फडकं खांद्यावर टाकलं आणि बाही वर करून हात पुढे केला. "हे बघा. अजून काटा आहे अंगावर. बघा."

नार्दूने शेजारची खुर्ची ओढून तिच्यासमोर बसकण मारली. खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, तिचा हात मनगटाशी धरून बारच्या दिव्याखाली घेतला, आणि हातावरचे केस पुन्हा खाली बसेपर्यंत तो बघत राहिला.